पुढचं अंगण, मागचं अंगण

“कुणाची समाधी गं ही?” आत्यानं विचारलं. समोर होता मॉन्टॅक्यूट हाउसच्या पूर्वेकडच्या अंगणातला एक पॅव्हिलियन. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, सॉमरसेटमध्ये, सोळाव्या शतकाच्या अगदी अखेरीला बांधायला घेतलेली ही हवेली. तिच्यासमोर भिंतींनी बंदिस्त केलेलं चौकोनी अंगण आणि त्या अंगणाच्या लांबच्या दोन कोपऱ्यांत अशा दोन छोट्या दुमजली इमारती. आत्या कऱ्हाडची. संगम माहुलीच्या समाध्या, वाईचे घाट, कृष्णेकाठची देवळं बघत तिचं आयुष्य गेलेलं. दगडात एवढं कोरलेलं, एवढं लहान आणि एवढं एकटं काही दिसलं, की आत कुणीतरी गेलेलं माणूस असणार हे तिनं गृहीत धरलं, यात नवल नाही. मी म्हटलं, समाधी नाही. मग देऊळ? देऊळही नाही. मग यात राहायचं कोण? जवळच खुर्ची टाकून एक स्वयंसेवक आजोबा बसले होते, त्यांना विचारलं. ते हसून म्हणाले, राहायला असं कुणी नाही, शोभेचंच म्हणा ना. आत्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा त्या इमारतीच्या छताकडे. “देव नाही, माणूस नाही, मग एवढं बांधलं कशाला?” एवढं बोलून ती पुढे चालायलाही लागली. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता.

माझा काही संपला नाही. शोभेचं म्हणजे काय, असं नंतर कितीतरी दिवस डोक्यात राहिलं. शोभेचं म्हणून कुणी कोपऱ्यात कुंडी ठेवील, फार तर पुतळा उभा करील. दोन मजले, खिडक्या, छत, दार असलेली, माणसाच्या मापाची आख्खी इमारत शोभेसाठी कोण बांधतं, आणि एक नाही, दोन?

त्या इमारती आहेत मात्र बघत राहाव्यात अशा. जवळच्याच हॅम टेकडीवरच्या खाणीतला दगड. पिवळा, पण निव्वळ पिवळा नाही. त्यात लोखंड असल्यामुळे आतून तांबूस झाक मारतो. बोट फिरवलं तर शिंपल्यांचे बारीक तुकडे लागतात, कारण मुळात तो कधीकाळचा समुद्राचा तळ. चारी बाजूंना फुगून बाहेर आलेल्या खिडक्या, वर आधी पोट धरून मग झपकन निमुळतं होत गेलेलं छत, आणि त्याच्या टोकाला एकमेकींत अडकवलेल्या दगडी कड्या, ज्यांच्यातून पलीकडचं आकाश दिसतं. दगडावर ठिकठिकाणी करडे-पांढरे चट्टे. आत्यानं जवळ जाऊन ते नखानं जरासे खरवडून पाहिले आणि खात्रीनं सांगितलं, “दगडफूल आहे.” गोड्या मसाल्यातलं नसेल, पण त्याच्याच कुळातलं होतं. आम्ही गेलो तेव्हा दुपार कलत आली होती. घराची सावली पूर्वेकडे पसरत गेली आणि हिरवळ जवळजवळ सगळी झाकोळली. पलीकडच्या कोपऱ्यांतले हे दोन पॅव्हिलियन तेवढे अजून उन्हात होते. त्या वेळी दगडाला हात लावला तर तो चक्क गरम होता.

बाग बघायला आलो असं आपण म्हणतो, पण इथे आधी दिसतात त्या भिंती. कमरेएवढ्या उंच, वर दगडी कठडा, कठड्यावर ठरावीक अंतरानं चौकोनी निमुळते सुळके, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या बरोबर मध्यावर खांबांवर तोललेली एकेक चिमुकली घुमटी, जिच्यात एक माणूसही धड उभा राहू शकणार नाही. फुलझाडं भिंतीच्या कडेला, अंग चोरून. मधे नुसतं गवत. आमच्याकडे ज्याला आपण बाग म्हणतो, म्हणजे जाई-जुई, पारिजातक, एखादं आंब्याचं झाड, खाली पालापाचोळा, तशा सवयीनं इथे आलं तर पहिल्यांदा फसवणूकच वाटते. हे घरच आहे, छत नसलेलं. भिंती आहेत, कोपरे आहेत, दार असायचं ती जागा आहे, आणि समोरची पूर्ण बाजू अडवून उभी असलेली ती तीन मजली हवेली, काचाच काचा. सगळ्यात वरच्या मजल्यावर खिडक्यांच्या मधल्या कोनाड्यांत नऊ वीरांचे पुतळे: हेक्टर, अलेक्झांडर, सीझर, राजा आर्थर वगैरे मंडळी, सगळी रोमन चिलखतं घालून. आर्थरला रोमन चिलखत का, असं विचारू नये. त्या काळी वीर म्हटला की रोमन.

हे सगळं ज्यानं मांडून घेतलं तो सर एडवर्ड फेलिप्स पेशानं वकील. जमीनजुमला बाळगून असलेल्या कुटुंबातला, पण खरं वर आला तो कोर्टकचेऱ्यांवर. पुढे 1604 साली हाउस ऑफ कॉमन्सचा सभापती झाला, आणि 1606 मध्ये गाय फॉक्स आणि त्याच्या साथीदारांवर पार्लमेंट उडवून देण्याच्या कटाचा खटला चालला, तेव्हा सरकारी बाजू मांडायला आधी उभा राहिला तो हाच. वकिलाला मांडणीचं महत्त्व कळतं. कुठला पुरावा आधी, कुठला नंतर, ऐकणारा कुठे थबकेल, हे सगळं त्याला ठाऊक. मॉन्टॅक्यूटचं पूर्वेचं अंगण मला हळूहळू तसं दिसायला लागलं. पाहुणा तेव्हा या बाजूनं यायचा. आधी एक फाटकाची इमारत, ती आता नाही. तिच्यातून आत पाऊल टाकलं की डावी-उजवीकडे हे दोन पॅव्हिलियन, मग मोकळं अंगण, कठड्यांची रांग, पायऱ्या, आणि शेवटी काचांची ती भिंत, सकाळची वेळ असेल तर डोळे दिपवणारी. घोड्यावरून उतरून दारापर्यंत चालत जाईस्तोवर पाहुण्यावर निकाल लागलेला असणार. विल्यम अर्नल्ड नावाच्या स्थानिक पाथरवटाचं हे काम असावं असं मानतात. वास्तुविशारद हा वेगळा धंदा म्हणून इंग्लंडात अजून रुजलेला नव्हता. नकाशा काढणारे आणि छिन्नी चालवणारे हात फारसे लांब नव्हते. म्हणूनच की काय, कोपऱ्यातल्या त्या दोन इमारतींत जीव ओतल्यासारखा वाटतो.

आणि त्या अगदीच निरुपयोगीही नव्हत्या. त्या काळच्या श्रीमंत इंग्रज घरात जेवणाचा शेवट जेवणाच्या खोलीत होत नसे. मुख्य ताटं उठली की निवडक पाहुणे उठून दुसरीकडे जायचे, कधी गच्चीवरच्या छोट्या मनोऱ्यात, कधी बागेच्या टोकाला बांधलेल्या अशा एखाद्या चिमुकल्या इमारतीत, आणि तिथे गोडाचं खाणं व्हायचं. बँक्वेट म्हणायचे ते त्यालाच. आपण आज म्हणतो ती शेकडो पानांची मेजवानी नव्हे. पाकवलेली फळं, बदामाचं मार्झिपान, पातळ कुरकुरीत वेफर, मसाले घातलेली गरम वाइन, आणि साखर, साखर, साखर. साखरेच्या ताटल्या करायचे, साखरेचे पेले करायचे, पत्त्यांची पानं, अक्रोड, किल्ले करायचे, आणि खाऊन झालं की ताटलीही मोडून खायची. साखर तेव्हा लांबून जहाजानं यायची आणि तिचा भाव बघता ही सरळसरळ संपत्तीच चघळणं होतं. 1598 साली इंग्लंडला आलेल्या एका जर्मन प्रवाशानं राणी एलिझाबेथचे काळे पडलेले दात पाहून लिहून ठेवलंय, की फार साखर खाल्ल्यानं इंग्रजांना हा दोष जडतो. मॉन्टॅक्यूटचे पॅव्हिलियनही याच कुळातले, असं सांगतात. म्हणजे कल्पना करा, दुपारभर चाललेलं जेवण, जड झालेलं पोट, मग नोकरचाकर मागे ठेवून आठ-दहा जणांनी हिरवळ ओलांडत कोपऱ्यापर्यंत चालत जायचं, वरच्या खोलीत दाटीवाटीनं बसायचं, चारी खिडक्यांतून बाहेर बघायचं. एका खिडकीतून शेतं, दुसरीतून बाग, आणि तिसरीतून ज्याचं खाल्लं त्याचं घर.

तर, बघायला बांधलं होतं, आणि आत बसून परत तेच बघायला.

पण याचं एक पुरं टोक बघायचं असेल तर कॉट्सवोल्डमधल्या चिपिंग कॅम्पडनला जावं. बॅप्टिस्ट हिक्स नावाच्या लंडनच्या कापडव्यापाऱ्यानं, राजेराजवाड्यांना रेशीम विकून आणि कर्ज देऊन गबर झालेल्या माणसानं, 1613च्या सुमाराला तिथे एक भव्य घर बांधलं होतं. राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धात, 1645 साली, राजाच्या फौजेनं माघार घेताना ते जाळून टाकलं, शत्रूच्या हाती पडू नये म्हणून. घर गेलं. उरलं काय, तर फाटक, आणि घरालगतच्या उंच चौथऱ्याच्या दोन टोकांना असलेली दोन बँक्वेटिंग हाउसेस. मधे आता गवताचं रान आहे, मेंढ्या चरतात. जुन्या बागेच्या पायऱ्या-पायऱ्यांचे उंचवटे गवताखालून अजून कळतात, विशेषतः सूर्य खाली असताना. मुख्य जेवण संपूर्ण नाहीसं झालंय आणि गोडाची वाटी तेवढी राहिलीय. त्या इमारती आता एका न्यासाकडे आहेत आणि सुट्टीसाठी भाड्यानं मिळतात. लोक तिथे झोपतात, सकाळी चहा करतात. हे मी आत्याला नंतर फोनवर सांगितलं, तर तिचं एकच म्हणणं: “आता कुठे कामाला आल्या म्हणायच्या.”

मॉन्टॅक्यूटचं उलटं झालं. इथे घर राहिलं, इमारती राहिल्या, भिंती राहिल्या, रस्ता गेला. फेलिप्स घराण्यातल्याच नंतरच्या एका एडवर्डला (या घरात मोठ्या मुलाचं नाव एडवर्डच ठेवायचे, त्यामुळे कागदपत्रं वाचताना जीव मेटाकुटीला येतो) 1786च्या सुमाराला एक संधी मिळाली. जवळचं क्लिफ्टन मेबँक नावाचं जुनं घर पाडायला काढलं होतं, त्याचा कोरीव दर्शनी भाग विकायला होता. त्यानं तो विकत घेतला, दगडं गाड्यांवर लादून आणले, आणि आपल्या घराच्या पश्चिमेच्या, म्हणजे तोवर मागच्या, बाजूला चिकटवले. दोन बाजूंच्या मधली पोकळी भरून निघाली, घरात जायला-यायला सोयीचा बोळ मिळाला, आणि मागची बाजू अचानक दर्शनी झाली. येण्याजाण्याचा रस्ता पश्चिमेकडे वळवला. एका पिढीत पूर्वेचं अंगण, जिथे पाहुण्याची छाती दडपावी म्हणून दगडाचा प्रत्येक सुळका उभा केला होता, ते घराच्या मागे गेलं. मग तिथे गवत लावलं. आपण आज त्याला बाग म्हणतो ते तेव्हापासून.

हे वाचलं त्या रात्री मला आजोळचं घर आठवलं. पुणे-बंगळूर रस्त्याला लागून असलेलं गाव. घराचं तोंड जुन्या गाडीवाटेकडे, तिकडे ओटा, ओट्याला घासून घासून गुळगुळीत झालेली शहाबादी फरशी, दाराच्या चौकटीवर कोरलेला गणपती, डावी-उजवीकडे दिवे लावायचे कोनाडे. परसदार हायवेकडे: तिकडे न्हाणी, गोठा, सरपण. रस्ता रुंद झाला, गाड्या वाढल्या, आणि हळूहळू सगळेच मागून यायला लागले. पाहुणे गोठ्याशेजारून, चुलीच्या धुरातून, वाळत घातलेल्या लुगड्यांखालून वाकून आत शिरायचे. मामीला ते फार लागायचं. मग कधीतरी गोठा पाडला, तिकडे फरशी घातली, लोखंडी गेट आलं, गेटवर मामाचं नाव. पुढचा ओटा तसाच राहिला. आम्ही मुलं दुपारी तिथे पत्ते खेळायचो, कारण तिकडे कुणीच यायचं नाही. कोनाड्यांत दिवे लागायचे बंद झाले, पण दिवाळीत आजी तेवढे दोन दिवे तिथेच ठेवायची. रस्ता कुठूनही गेला तरी लक्ष्मी पुढच्या दारानंच येणार, यावर तिचा ठाम विश्वास होता. मॉन्टॅक्यूटचे ते पॅव्हिलियन अजून डोळ्यांत तेल घालून ज्या दिशेला बघतायत तिकडून आता कुणीच येत नाही. आत्याच्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर मला इथे मिळालं.

खरं म्हणजे हे अंगण टिकलं हीच कमाल आहे. अठराव्या शतकात इंग्लंडातल्या श्रीमंतांना भिंती, कठडे, सरळ रेषा एकदम नकोशा झाल्या. बागा आखून देणारा केपेबिलिटी ब्राउन आणि त्याच्या वाटेनं जाणाऱ्यांनी घराच्या पायरीपर्यंत गवत आणून भिडवलं, नागमोडी तळी खणली, झाडांचे झुबके असे लावले की जणू देवानंच लावलेत. त्यासाठी कितीतरी जुन्या बागा पार उकरून सपाट केल्या. त्या ‘निसर्गा’साठी लागणारा पैसा आणि मजूर बघितले की निसर्ग किती महाग असतो ते कळतं. फेलिप्स मंडळींकडे पूर्वजांची हौस तेवढी उरली नव्हती, किंवा पैसा, किंवा दोन्ही. गरिबीनं जितकं जुनं वाचवलंय तितकं पुरातत्त्व खात्यांनी वाचवलं नसेल, असं मला कधीकधी वाटतं.

पण जुनं म्हणजे नेमकं काय, हाही घोळ आहेच. मॉन्टॅक्यूटला उत्तरेच्या बाजूला एक खोलगट बाग आहे. चारी बाजूंनी उंच वाट, खाली गवत, मधे कारंज्याचं तळं, आणि कडेनं गडद हिरव्या, ताठ उभ्या आयरिश यू झाडांच्या रांगा. मी तिथे उभी राहून मनात म्हणत होते, हे खरं जुनं. ही झाडं म्हणजे साक्षात एलिझाबेथचा काळ. मग कळलं, की आयरिश यू नावाचं झाडच एलिझाबेथच्या काळात नव्हतं. आयर्लंडमधल्या फर्मॅना परगण्यात, डोंगरावर, अठराव्या शतकात एका शेतकऱ्याला यूची दोन विचित्र, फांद्या आभाळाकडे करून उभी वाढणारी रोपं सापडली. त्यातलं एक फ्लॉरेन्स कोर्ट या घराच्या आवारात लावलं गेलं, आणि जगातली झाडून सगळी आयरिश यू झाडं त्या एका झाडाच्या फांद्यांपासून केलेली. ते मूळ झाड अजून जिवंत आहे. तळं तर त्याहून नवं, 1890च्या दशकातलं, पण त्याचा कठडा पूर्वेच्या अंगणातल्या कठड्यासारखा हुबेहूब घडवलाय, त्यामुळे डोळा फसतो. त्या जागी आधी मातीचा उंचवटा होता. एलिझाबेथच्या काळातल्या बागांत अशा कृत्रिम टेकड्या असायच्या; वर चढून जायचं आणि खालची नक्षी बघायची. म्हणजे एकाच जागेवर माणसं आधी वर चढली, मग खाली वाकून पाण्यात बघायला लागली.

पूर्वेच्या अंगणातले फुलांचे ताटवे त्याहूनही अलीकडचे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे आधी सौम्य, फिकट रंगांची योजना झाली होती, सिसिंगहर्स्टच्या सुप्रसिद्ध बागवालीच्या सल्ल्यानं. हॅमच्या त्या पिवळ्या दगडापुढे फिकट गुलाबी आणि पांढरा अगदी धुवून निघाल्यासारखे दिसायला लागले. मग शेजारच्या टिंटिनहलच्या फिलिस रीस यांनी ते बदलून जांभळे, गर्द लाल, पिवळे असे ठसठशीत रंग आणले. आत्याला ते ताटवे फार आवडले. इरकली लुगड्याच्या काठाला जे कळतं ते इथल्या बाईला कळलं, असं ती म्हणाली, आणि सगळ्या बागेत तिनं फोटो काढायला सांगितला तो तिथेच.

मला विचाराल तर मॉन्टॅक्यूटमधली सगळ्यात चांगली गोष्ट कुणीच आखलेली नाही. यूचं एक लांबलचक, माणसाच्या दुप्पट उंचीचं कुंपण आहे. इंग्रजी बागेतलं कुंपण म्हणजे कसं, ओळंबा लावून कापलेलं, कोपरे धारदार. हे मात्र ढेकळाढेकळांचं, कुठे पोट सुटलेलं, कुठे खांदा पडलेला. 1947च्या हिवाळ्यात इंग्लंडात न भूतो असा बर्फ पडला, त्याच्या वजनानं कुंपण दबलं, वाकलं, फाकलं. दुसऱ्या कुठल्या घरी ते छाटून सरळ केलं असतं. इथे माळ्यांनी त्या आकाराच्या कलानंच कापायचं ठरवलं. आणि तेव्हापासून दर वर्षी, शिड्या लावून, दोऱ्या न लावता, ते वाकडेपण जसंच्या तसं राखतात. सरळ कापायला दोरी पुरते; हे असं कापायला आधीच्या माणसाच्या हाताची आठवण लागते. आत्या तिथून झपाझप निघून गेली. तिला वाटलं, माणूसबळ कमी पडत असेल. “एवढी सरकारी जागा आणि कुंपण धड नाही.” जागा सरकारी नाही, हे सांगायचं राहून गेलं.

ती वेळेवर कुणी वाचवली नसती, तर बहुधा दगडाच्या भावानं गेली असती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फेलिप्सांकडचे पैसे संपत आले. 1911 साली त्यांनी घर सोडून ते भाड्यानं दिलं आणि 1929 साली विकायला काढलं. गिऱ्हाईक मिळेना. इंग्लंडभर तेव्हा अशी घरं पाडून त्यांच्या चुली, जिने, लाकूड विकायचं पेव फुटलं होतं. मॉन्टॅक्यूटची भंगाराची किंमत निघाली 5,882 पौंड. शेवटी 1931 साली अर्नेस्ट कुक नावाच्या माणसानं पैसे दिले आणि घर नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या एका बिगरसरकारी न्यासाकडे, आलं. कुक म्हणजे थॉमस कुकचा नातू, त्याच थॉमस कुकचा, ज्याच्या कंपनीनं मध्यमवर्गाला पहिल्यांदा ‘टूर’वर नेलं. नातवानं कंपनीतला वाटा विकून आलेल्या पैशातून जुनी घरं आणि जमिनी घ्यायचा सपाटा लावला. घर मिळालं ते रिकामं. पुढे सामान इकडून तिकडून मागून आणून मांडलं, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या 172 फूट लांब गॅलरीत नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीची जुनी चित्रं लावली. कोर्टकचेरीच्या पैशानं उभारलेलं घर सहलींच्या पैशानं वाचलं, आणि आता आमच्यासारख्या सहलवाल्यांच्या तिकिटांवर चालतं.

फेलिप्स गेल्यावर आणि कुक येण्याआधी मधे एक भाडेकरू होता, आणि त्याचं नाव ऐकल्यावर आत्या, जिनं तीस-एक वर्षं शाळेत इतिहास शिकवला, घरातल्या जिन्यावर अशी थबकली की मागच्या माणसाचा तिला धक्का लागला. 1915पासून मरेपर्यंत, म्हणजे 1925पर्यंत, मॉन्टॅक्यूट भाड्यानं घेतलं होतं लॉर्ड कर्झननं. तोच. वंगभंगाचा. टिळकांच्या चतुःसूत्रीचा धडा ज्याच्या नावानं सुरू होतो तो. आत्यानं वर्गात फळ्यावर किती वेळा ते नाव लिहिलं असेल, आणि आता ती त्याच्या कठड्याला हात लावून उभी होती. तिनं हात काढून घेतला नाही, पण थोड्या वेळानं रुमालाला पुसला. मी बघितलं नाही असं दाखवलं.

कर्झनबद्दल माझ्या मनात सरळ राग टिकत नाही, आणि ते मला फारसं आवडत नाही. पडझडीला आलेल्या जुन्या वास्तूंवर या माणसाचा जीव होता. भारतात पुरातत्त्व खात्यात त्यानं नव्यानं प्राण फुंकले, 1904चा प्राचीन वास्तू संरक्षणाचा कायदा केला. आपल्या लेण्यांच्या दारात जी निळी पाटी दिसते तिच्या मुळाशी तोच आहे. इकडे परत आल्यावर स्वतःच्या पैशानं टॅटरशॉल आणि बोडियमचे किल्ले घेतले, दुरुस्त केले, मरताना राष्ट्राला देऊन गेला. आणि ताजमहाल. ताजच्या बागेत शतकं वाढलेली दाट झाडी होती. त्याच्या काळात ती काढून हिरवळ केली, सगळं मोकळं, सरळ, दारातून थेट घुमट दिसेल असं. आपण आज ताजचा फोटो काढतो तो त्या मोकळ्या नजरेतूनच काढतो. मॉन्टॅक्यूटच्या पूर्वेच्या अंगणात उभं राहून हे आठवलं तेव्हा बरं वाटलं नाही. अक्षावर उभं राहायचं, मधे येईल ते बाजूला करायचं, दोन बाजू समान करायच्या आणि समोर जे दिसेल त्याला सुंदर म्हणायचं, ही नजर बागेत निरुपद्रवी असते. त्याच नजरेनं 1905 साली बंगालचा नकाशा पाहिला गेला. कारभाराला सोयीचं होईल म्हणून रेघ मारली, हे अधिकृत कारण होतं, आणि रेघेच्या दोन्हीकडे माणसं होती. बागकामावर एवढा दोष लादणं अन्यायाचं आहे हे मला कळतं. तरी तो विचार मनातून जात नाही.

मॉन्टॅक्यूटच्या आतल्या सजावटीचं काम त्यानं आपल्या मैत्रिणीवर, कादंबरीकार एलिनॉर ग्लिनवर सोपवलं होतं. गारठलेल्या त्या घरात राहून ती रंग, पडदे, सामान बघत होती. आणि डिसेंबर 1916 मध्ये कर्झन दुसऱ्याच बाईशी लग्न करतोय हे तिला कळलं ते टाइम्समधल्या बातमीवरून. तिनं त्याची सगळी पत्रं जाळली. बाग, घर, किल्ले, ताजमहाल, सगळ्यांना नेमकं काय हवंय हे ज्याला कळत होतं, त्याला एवढं कळू नये. की कळून फरक पडत नव्हता.

बाहेरच्या अंगणात त्याची काही खूण नाही. आत, त्याच्या झोपायच्या खोलीत मात्र एक आहे. भिंतीला लागून जुन्या पद्धतीचं कोरीव लाकडी कपाट दिसतं. दारं उघडली की आत चक्क न्हाणीचा टब, नळांसकट. सोळाव्या शतकातल्या घराची शान बिघडू नये म्हणून लपवलेला. माजी व्हाइसरॉय, आंघोळीला कपाटात. दारं लावली की खोली पुन्हा जशी दिसायला हवी तशी दिसते.